साथीच्या रखवालदाराचा पगार



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी नेहमीप्रमाणे किमान वेतन, कंत्राटी कामगार किंवा नव्या कामगार-संहिता ह्यांच्यावर बोलेन, अशी त्यांची समजूत असावी. मी विषय कळविला तो असा : ‘परदेशांतील साथी वेळीच ओळखण्यासाठी आणि रोखण्यासाठी लागणारा पैसा’. दुसऱ्याच दिवशी चिटणिसांचा फोन आला. विषय लिहून घेण्यात काही चूक तर झाली नाही ना, असे त्यांनी मोठ्या संकोचाने विचारले. चूक झालेली नाही. तरी त्यांचा संकोच मला समजतो. मी डॉक्टर नव्हे आणि अर्थशास्त्रज्ञही नव्हे. सातवी पास झालो आणि कांड्या भरायला लागलो. पुढचे जे काही शिक्षण झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. इंग्रजी शिकलो ते पस्तिशीत, आणि तेही मालकांच्या वकिलांची उत्तरे वाचता यावीत म्हणून. परंतु इतक्या वर्षांत एक सवय मात्र अंगी मुरली आहे. कोणत्याही कामाचा खरा अंदाज घ्यावयाचा असला म्हणजे मी आधी त्याचे पगारपत्रक मागतो. कामाला किती माणसे आहेत, त्यांना किती मिळते, केव्हा मिळते, आणि ज्याचे काम सर्वांत धोक्याचे त्याचे नाव पत्रकावर कितव्या ओळीत आहे, हे पाहिले की मग मोठमोठी भाषणे वाचण्याची फारशी गरज उरत नाही. साथीच्या ह्या पैशाचे पगारपत्रक मी गेली काही वर्षे वाचतो आहे, आणि त्यात जे दिसले ते आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

परवा चहाच्या दुकानात आमचे एक जुने सभासद मला म्हणाले, “दादा, आपल्या नळाला चार दिवसांआड पाणी येते आणि तुम्ही आफ्रिकेच्या रोगासाठी पैसे मागायला निघालात होय?” प्रश्न रास्त आहे. हसण्यावारी नेण्यासारखा तर मुळीच नाही. त्याला उत्तर द्यावयाचे आहे, पण त्याआधी मला एक घरचीच गोष्ट सांगू द्या.

आमच्या गावातल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात रात्रीचा एक रखवालदार होता. नावे सांगत नाही. त्यांतले काही जण आज ह्या मंडपात बसलेले असण्याचा संभव आहे. हा म्हातारा रात्रभर फिरे, कुठे वायर तापल्याचा वास येतो का ते पाही आणि दर तासाला घंटा देई. अकरा वर्षांत त्याने एकदाही आग लागल्याची आरोळी दिली नाही. बारा महिन्यांचा हिशेब मांडताना मालकांच्या मुलाच्या हे लक्षात आले. अकरा वर्षांत आग लागली नाही, मग ह्या माणसाचे काम काय? म्हाताऱ्याला काढले. आम्ही भांडलो, पण एका माणसासाठी साचे बंद ठेवायला कोणी तयार नव्हते, आणि खरे सांगायचे तर मीही फार ताणून धरले नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात सुताच्या गाठींना आग लागली ती पहाटे रस्त्यावरून जाणाऱ्या दूधवाल्याने पाहिली. तोवर निम्मी शेड गेली होती. मग बंब आले, पुढारी आले आणि विम्याचे माणूस आले. विमा होता, पण आग कोणत्या बाजूने सुरू झाली, माल नेमका कोणत्या खोलीत होता, वायरिंगचा दाखला कोणत्या तारखेचा, ह्यावरच दोन वर्षे पत्रव्यवहार चालला. तोपर्यंत साठ माणसे दुसरीकडे कामाला लागली होती.

हा रखवालदार, हा बंब आणि हा विमा, तिन्ही ध्यानात ठेवा. पश्चिम आफ्रिकेत २०१४ साली जे घडले ते मी वाचले तेव्हा मला पहिल्यांदा आठवण झाली ती ह्या म्हाताऱ्याची.

गिनी नावाच्या देशात, लायबेरिया आणि सिएरा लिओन ह्यांच्या सरहद्दीजवळ, मेलियांदू नावाचे एक खेडे आहे. २०१३ च्या डिसेंबरात तेथे एक लहान मूल ताप आणि जुलाबाने दगावले. पाठोपाठ त्याची बहीण, आई आणि आजी गेली. मग सुईण गेली, परिचारिका गेली. कुणी म्हणाले पटकी आहे, कुणी आणखी काही म्हणाले. नमुने तपासून ‘हा एबोला आहे’ असे फ्रान्समधील प्रयोगशाळेने सांगितले तेव्हा २०१४ चा मार्च महिना उजाडला होता. तीन महिने रोग गावोगाव हिंडत राहिला, आणि त्याला नावसुद्धा नव्हते.

एबोला हा हवेतून धावणारा रोग नव्हे, आणि हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. रोग्याचे रक्त, ओकारी, घाम ह्यांच्या प्रत्यक्ष स्पर्शाने तो लागतो, आणि लक्षणे दिसू लागेपर्यंत रोगी दुसऱ्याला तो देत नाही. म्हणजे ज्याने रोग्याला हात लावला त्याला गाठून एकवीस दिवस रोज त्याचा ताप पाहिला आणि ताप येताच त्याला वेगळे ठेवले, की साखळी तुटते. ह्याला नुसती प्रयोगशाळा पुरत नाही. दारोदार चालणारी, त्या गावची बोली बोलणारी आणि तिसऱ्या दिवशी आळस न करणारी माणसे लागतात. ती तेथे होती काय? ह्या तीन देशांत तेव्हा लाख माणसांमागे एक-दोन डॉक्टर होते. आणि वरच्या पायरीवर काय होते? जागतिक आरोग्य संघटनेचे साथींना व संकटांना तोंड देण्याचे खाते २०१२-१३ ह्या दोन वर्षांत ४६.९ कोटी डॉलरचे होते. ते २०१४-१५ साठी २२.८ कोटींवर आणले गेले. जगात मंदी होती, देणगी देणाऱ्या देशांचे लक्ष दुसरीकडे होते, आणि मोठी साथ बराच काळ आलेली नव्हती. अकरा वर्षांत आग लागली नाही, मग ह्या माणसाचे काम काय?

जागतिक आणीबाणी जाहीर झाली ती ८ ऑगस्ट २०१४ रोजी. मग मात्र बंब आले. सैन्ये आली, विमाने आली, तंबूंची रुग्णालये उभी राहिली. त्यांतली काही रोग ओसरू लागल्यावर तयार झाली आणि रोग्यांवाचून राहिली. एकट्या अमेरिकेच्या काँग्रेसने त्या डिसेंबरात ५४० कोटी डॉलर मंजूर केले. त्यात त्यांच्या स्वतःच्या देशातील तयारीचाही खर्च होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरीपण जागतिक संघटनेच्या त्या खात्यात वाचविलेल्या चोवीस कोटींच्या ही रक्कम बावीस पटींहून अधिक भरते. रोग आटोक्यात येईपर्यंत २८,६०० वर माणसांना तो झाला आणि ११,३०० वर माणसे मेली. आरोग्यसेवकांपैकी आठशेहून अधिक आजारी पडले आणि पाचशेहून अधिक दगावले. लाखामागे एक-दोन डॉक्टर असलेल्या मुलखात ह्या पाचशेंचा अर्थ काय होतो, तो आपणच ताडा. जागतिक बँकेच्या अंदाजाने ह्या तीन गरीब देशांचे २०१५ ह्या एका वर्षातच सुमारे २२० कोटी डॉलरचे उत्पन्न बुडाले.

आता त्याच वर्षीचे दुसरे चित्र पाहा. २० जुलै २०१४ रोजी लायबेरियाहून विमानाने आलेला एक सरकारी सल्लागार नायजेरियातील लेगॉस शहराच्या विमानतळावर कोसळला. लेगॉस म्हणजे दीड-दोन कोटी वस्तीचे शहर; आपल्या मुंबईसारखीच गर्दी, तशाच झोपडपट्ट्या, तशीच खच्चून भरलेली वाहने. तेथे हा रोग सुटला असता तर काय झाले असते, ह्या विचाराने त्या वेळी जगभरच्या जाणत्या माणसांची झोप उडाली होती. त्यातच सरकारी रुग्णालयांतील डॉक्टरांचा संप चालू होता. मी संपवाला माणूस आहे, तेव्हा ही गोष्ट गाळून पुढे जाण्याचा मोह मला झाला होता. पण ती गाळणे बरोबर नाही. संपामुळे रोग्याला एका खाजगी रुग्णालयात नेले. साथ आल्यावर डॉक्टरांनी आपला संप स्थगित केला, हेही त्याबरोबर नोंदविले पाहिजे.

त्या खाजगी रुग्णालयात डॉ. अमेयो स्टेला अडाडेव्हो नावाच्या बाई होत्या. हिवतापाचे औषध देऊन काम भागले नाही, तेव्हा त्यांना शंका आली. रोगी लायबेरियाचा आहे हे त्यांनी हिशेबात घेतले आणि तपासणीची मागणी केली. त्याला महत्त्वाच्या परिषदेला जायचे आहे, सोडून द्या, म्हणून वरून दडपण आले. बाईंनी त्याला सोडला नाही. तो त्याच रुग्णालयात मेला. बाईंनाही रोग लागला आणि १९ ऑगस्ट रोजी त्या वारल्या. पहिली घंटा त्यांनी वाजविली, आणि त्याची किंमतही त्यांनीच भरली.

परंतु घंटा ऐकायला जागे कोणी तरी लागते, आणि लेगॉसची खरी गोष्ट येथे सुरू होते. नायजेरियात पोलिओ निर्मूलनासाठी २०१२ पासून एक आणीबाणी-केंद्र चालविले जात होते. परदेशी मदतीचा पैसा त्यात होता. तेथे नकाशे होते, मोटारी होत्या, आणि घरोघर फिरून नोंदी करण्याचा सराव झालेली माणसे होती. पोलिओची ती शिकलेली माणसे आणि ती कार्यपद्धती काही दिवसांच्या आत एबोलाच्या कामाला जुंपली. रोग्यांच्या संपर्कात आलेली ८९४ माणसे त्यांनी हुडकली आणि त्यांच्या घरी मिळून सुमारे १८,५०० फेऱ्या केल्या. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा वाचला. अठरा हजार पाचशे वेळा कोणी तरी जिना चढले, दार ठोठावले, ताप पाहिला आणि वहीत लिहिला. एक संपर्कातला माणूस निसटून पोर्ट हारकोर्ट शहरी गेला आणि तेथे त्याने एका डॉक्टरकडून हॉटेलात गुपचूप उपचार करून घेतले. तो डॉक्टर मेला, आणि त्या शहरातही शेकडो दारे ठोठवावी लागली. पण शेवटी हिशेब काय झाला? रोगी वीस, मृत्यू आठ. २० ऑक्टोबर २०१४ रोजी नायजेरिया एबोलामुक्त जाहीर झाला. त्या महिन्यात साथीच्या त्या तीन देशांत माणसे रुग्णालयांच्या दाराशी मरत होती.

दोन्हीकडे रोग तोच होता. औषध दोन्हीकडे नव्हते. फरक होता तो आगीच्या आधी नेमलेल्या माणसांचा, आणि विशेष म्हणजे ती माणसे एबोलासाठी नेमलेली नव्हतीच. म्हणून पोलिओवर खर्च झालेल्या पैशाचा हिशेब मांडताना लेगॉस कोणत्या खात्यात धरावयाचे, असा प्रश्न पडतो. न घडलेल्या गोष्टीला खतावणीत पानच नसते. आमच्या म्हाताऱ्याची नोकरी गेली ती नेमकी ह्याच कारणाने.

येथे कोणी म्हणेल, मग त्या त्या देशाने आपला रखवालदार नेमावा. दुसऱ्याने पैसे का द्यावे? ह्याचे उत्तर आफ्रिकेत शोधण्याची गरज नाही. ते मुंबईत आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग आहे असे निदान डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या गोव्याच्या डॉक्टरांनी केले. त्यानंतर काय झाले? पुढच्याच वर्षी, १८९७ साली, युरोपातील राष्ट्रांनी व्हेनिसला परिषद भरविली. ती भरविली कशासाठी? मुंबईचा प्लेग मुंबईत कसा थांबवावा ह्यासाठी नव्हे; तो आपल्या बंदरांत कसा येऊ देऊ नये ह्यासाठी. जहाजे अडली आणि व्यापार बसला. पुढे १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेग जाहीर झाला तेव्हाही तेच. मृत्यू झाले पन्नासच्या आसपास. पण कित्येक देशांनी विमाने बंद केली, माल नाकारला, पाहुण्यांनी पाठ फिरवली, आणि देशाला शेकडो कोटी रुपयांचा फटका बसला. ‘आमच्या घरी आग आहे’ असे ओरडणाऱ्याच्या घरावर जर शेजाऱ्यांनी बहिष्कारच घालावयाचा, तर पुढच्या वेळी तो ओरडेल कशाला? कारखान्यात अपघात कळविणाऱ्या कामगाराला मेमो मिळू लागला की अपघात कमी होत नाहीत. अपघातांच्या नोंदी कमी होतात. २००५ साली मंजूर झालेले आणि २००७ पासून अमलात आलेले आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम प्रत्येक देशावर कळविण्याचे बंधन घालतात. कळविणाऱ्याच्या झळीचा वाटा कोणी उचलावा, ह्यावर मात्र ते फार मवाळ बोलतात. ओरडण्याचा लाभ साऱ्या जगाला आणि तोटा ओरडणाऱ्याला, अशी ही व्यवस्था आहे. घंटेचा पैसा सर्वांनी मिळून द्यावा असे मी म्हणतो तो ह्या हिशेबाने म्हणतो. ह्यात दानधर्माचा काही संबंध नाही.

मुंबई-पुण्याच्या त्या प्लेगातून आणखी एक गोष्ट आठवते. पुण्यात गोरे सोजीर घरात घुसून देवघरापर्यंत तपासणी करू लागले आणि त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला, हे आपण शाळेत वाचले आहे. १६ सप्टेंबर २०१४ रोजी गिनीतील वोमे नावाच्या खेड्यात एबोलाची माहिती सांगायला गेलेल्या पथकावर गावकऱ्यांनी हल्ला केला आणि आठ जणांना ठार मारले. त्यांत डॉक्टर होते, अधिकारी होते, पत्रकार होते. तुलना करताना जपले पाहिजे. वोमेला गेलेली माणसे जुलूम करायला गेली नव्हती. पण आयुष्यात ज्या सरकारचा माणूस गावाने कधी पाहिला नाही, त्याचे माणूस एकदम गाड्यांतून उतरून ‘तुमच्या मेलेल्यांना हात लावू नका’ असे सांगू लागले, तर गाव त्यावर विश्वास ठेवत नाही. विश्वास तार करून मागविता येत नाही. रोज दिसणाऱ्या माणसावरच तो बसतो, आणि ते माणूस रोज दिसावे ह्यासाठी त्याला रोजचा पगार असावा लागतो.

आता विम्याकडे वळतो. हा भाग मी जरा चवीने सांगणार आहे, कारण विम्याच्या माणसांशी माझे आयुष्य भांडणात गेले आहे.

पश्चिम आफ्रिकेच्या आगीनंतर मोठ्या लोकांनी डोके लढविले आणि २०१७ साली जागतिक बँकेने महासाथीचे कर्जरोखे विकले. कल्पना दिसायला मोठी सुरेख. धनवंतांनी रोखे घ्यावेत. साथ आली नाही तर त्यांना भरघोस व्याज मिळावे. साथ आली तर त्यांचे मुद्दल गरीब देशांकडे जावे. रोख्यांचे आणि त्यासोबतच्या करारांचे मिळून साडेबेचाळीस कोटी डॉलरचे विमासंरक्षण उभे झाले. जास्त जोखमीच्या रोख्यांवरचे व्याज शेकडा अकराच्या वर होते, आणि ते देणगीदार देशांच्या पैशातून भरले जात होते. आणि अटींचा दस्तऐवज जवळजवळ चारशे पानांचा! चारशे पाने दिसली की मी समजतो, पैसे मिळणार नाहीत.

२०१८ च्या ऑगस्टात काँगोच्या पूर्वभागात एबोला आला. ती साथ जवळजवळ दोन वर्षे चालली. रोगी ३,४७०, मृत्यू २,२८७. पश्चिम आफ्रिकेनंतरची ही सर्वांत मोठी एबोला साथ. विमा मिळाला काय? नाही. अट अशी होती की, रोगाने दुसऱ्या देशातही निदान वीस माणसे मेली पाहिजेत. युगांडात रोग पोचला, पण युगांडाने आपली सरहद्द जागती ठेवली होती, आणि तेथे इतकी माणसे मेली नाहीत. काँगोतले दोन हजारांवर मृत्यू अटीत बसले नाहीत. ह्याच योजनेत रोख मदतीचा एक लहान कप्पा होता, त्यातून काँगोला काही कोटी डॉलर मिळाले. विम्याचा मोठा कप्पा बंदच राहिला. पुढे करोना आला. चीनमधील न्यूमोनियाची पहिली वर्दी ३१ डिसेंबर २०१९ ची, विम्याचे १९.५८ कोटी डॉलर ६४ गरीब देशांसाठी मोकळे झाले ते २०२० च्या एप्रिलात, ठरलेले आठवडे लोटल्यावर आणि ठरलेले आकडे भरल्यावर. तोवर सारे जग घरात कोंडून बसले होते. २०२१ साली ही योजना गुंडाळली गेली. ज्यांनी ती रचली ते लबाड होते असे मी म्हणणार नाही. त्यांनी मरणाचा विमा काढला आणि त्यालाच रखवालदारी समजले, ही त्यांची चूक झाली.

आता पगारपत्रकाच्या तळाशी येतो. २०१४ च्या नोव्हेंबरात सिएरा लिओनच्या बो शहराजवळ, बांदाजुमा येथील एबोला रुग्णालयात चारशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी संप केला. परिचारिका, सफाईवाले, प्रेते उचलणारे, कपडे धुणारे. मागणी काय होती? पगारवाढ नव्हे. धोक्याच्या कामाबद्दल आठवड्याला शंभर डॉलर द्यावयाचे ठरले होते, ते मिळाले नव्हते. जगाने कोट्यवधी डॉलर जाहीर केले होते आणि ज्याने प्रेताला हात लावावयाचा त्याचे शंभर डॉलर वाटेत अडकले होते. त्याच महिन्यात केनेमा गावी प्रेते पुरणाऱ्या कामगारांनी भत्ता थकल्याच्या निषेधार्थ काही प्रेते उघड्यावर ठेवली. वाचून मन शहारले. हे मी समर्थनासाठी सांगत नाही. पण निषेध करणाऱ्या वर्तमानपत्रांतून भत्ता कोणी थकविला, हे नाव मला ठळक अक्षरात सापडले नाही.

आणि उलट टोकही आहे. काँगोत २०१८-२० च्या साथीत पैसा आला तेव्हा तो पुराच्या पाण्यासारखा आला. मोटारींची भाडी, संरक्षणाचे पहारेकरी, बाहेरून आलेल्या साहेबांचे भत्ते! जेथे गोवराने आणि हिवतापाने पोरे मरत होती आणि त्यांकडे कोणी पाहत नव्हते, तेथे एका रोगासाठी एवढा थाट पाहून लोक त्याला ‘एबोलाचा धंदा’ म्हणू लागले. लोकांच्या ह्या शब्दात अन्याय थोडा आणि निरीक्षण पुष्कळ आहे. त्याच वेळी त्याच गावांत गोवराची साथ चालू होती, आणि तिने देशभर मिळून एबोलाहून अधिक मुले नेली. म्हणून ‘अधिक पैसा द्या’ एवढे म्हणून माझे समाधान होत नाही. आगीच्या आधी द्या, दर महिन्याला थोडा द्या, आणि एकाच रोगाच्या नावाने बांधून देऊ नका.

असा पैसा आज आहे काय? थोडा आहे. २०२२ साली जागतिक बँकेत ‘पँडेमिक फंड’ नावाचा निधी उघडला. तो साथ येण्याच्या आधीच्या कामासाठी आहे : प्रयोगशाळा, नोंदीची यंत्रणा, शिकलेली माणसे. पहिल्या दोन फेऱ्यांत त्याने सुमारे ८८ कोटी डॉलर वाटले. गरज किती? त्याच वर्षी जागतिक बँकेने आणि आरोग्य संघटनेने केलेल्या हिशेबाप्रमाणे बाहेरून मिळावयाची जी तूट आहे ती दरसाल सुमारे १,०५० कोटी डॉलरची. चहाच्या दुकानातल्या माझ्या मित्राला सांगण्यासारखी गोष्ट ही की, ह्या निधीत भारत सरकारने १ कोटी डॉलर घातले आणि २०२४ साली गुराढोरांच्या रोगांवर नजर ठेवण्यासाठी त्याच निधीतून भारताला अडीच कोटी डॉलर मंजूर झाले. नळाचे पाणी ह्यामुळे अडलेले नाही. ते का अडले आहे, त्यावर मी स्वतंत्र व्याख्यान द्यायला तयार आहे आणि ते ह्याच्याहून कडू होईल.

मात्र दुसऱ्या बाजूने पैसा आटतो आहे. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटना सोडण्याचा हुकूम काढला आणि परदेशी मदत थांबविली. ह्या संघटनेने मग २०२६-२७ चे अंदाजपत्रक पाचव्या हिश्श्याने कापून ४२० कोटी डॉलरवर आणले. योगायोग असा की, मदत थांबून दहा दिवस होतात न होतात तोच युगांडाच्या राजधानीत एबोलाच्या वर्गातील एका रोगाने एक परिचारक दगावला. पण युगांडाने आजवर पाच-सहा वेळा ही आग पाहिलेली आहे. दुसऱ्याच दिवशी, ३० जानेवारीला, साथ जाहीर झाली; चार दिवसांत लशीच्या चाचणीला सुरुवात झाली; २६ एप्रिलला साथ संपली. रोगी चौदा, मृत्यू चार. ह्याच रोगाच्या २०२२ च्या साथीत त्याच देशात १४२ जणांना रोग झाल्याचे तपासणीत सिद्ध झाले होते आणि त्यांतले ५५ गेले होते. तेव्हा रोग ओळखायला वेळ लागला होता. सात दिवसांत ओळखा, एका दिवसात कळवा, सात दिवसांत कामाला लागा, असे एक मोजमाप हल्ली ह्या कामातली माणसे वापरतात. मला ते आवडते, कारण त्यात भाषण नाही, तारखा आहेत. तारखांवर भांडता येते.

युगांडाचे उदाहरण पुढे करून ‘पाहा, मदतीवाचून भागले’ असेही कोणी म्हणेल. त्याला मी एवढेच सांगेन की, त्या परिचारकाचे नमुने ज्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत तपासले ती माणसे आणि ती प्रयोगशाळा त्या आठवड्यात उभी राहिलेली नव्हती. मागच्या वीस वर्षांच्या पैशाचे ते पीक आहे. बी पेरणे बंद केल्यावर पहिल्या वर्षी कोठारात धान्य असतेच.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. एबोलातून सावरल्यावर लायबेरियाने २०१६ साली एक योजना काढली. आरोग्यकेंद्रापासून पाच किलोमीटरहून दूर असलेल्या प्रत्येक वस्तीसाठी त्याच वस्तीतला एक आरोग्यसहायक. तो हिवताप पाहतो, पोरांचे जुलाब पाहतो, गरोदर बाईची विचारपूस करतो आणि काही विचित्र दिसले तर वर कळवितो. विशेष हे की, हे सेवाकार्य आहे, मानधन पुरे, असे म्हणून त्याची बोळवण न करता महिन्याला ७० डॉलर पगार ठरविला. पैसा पुष्कळसा परदेशी मदतीतून येणारा.

ही माहिती मी गेल्या महिन्यात आमच्या आशा-भगिनींच्या बैठकीत सांगितली. ह्या भगिनींना आपण ओळखता. २०२० च्या करोनात आपल्या दारावर येऊन ताप मोजून गेल्या त्या ह्याच. २०२१ च्या जूनमध्ये राज्यभरातल्या सुमारे सत्तर हजार आशांना संपावर जावे लागले, आणि २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातील सर्व आशांचा गौरव केला. गौरवाची बातमी त्यांनी मोबाईलवर वाचली तेव्हा त्यांच्यापैकी काहींचा मागचा मोबदला यावयाचा होता. तर बैठकीत मागच्या रांगेतून एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, “दादा, सत्तर डॉलर म्हणजे किती हो?” मी म्हणालो, सहा हजारांच्या आसपास. बाईंनी मनाशी हिशेब केला. मग विचारले, “आणि ते महिन्याच्या महिन्याला येतात का, का तिकडंही थकवतात?”